फोनला कव्हर लावावं की नाही? कव्हर कशापासून वाचवतं, कशापासून नाही

नवा फोन घेतला की बिल होण्याआधीच दुकानदार विचारतो, "कव्हर आणि ग्लास लावून देऊ ना?" बहुतेक जण मान डोलावतात. इन्स्टाग्राम-यूट्यूबवर मात्र दुसराही सूर ऐकू येतो: कंपनीने इतका पातळ, देखणा फोन बनवला, त्यावर दीडशे रुपयांचं रबर का चढवायचं? शिवाय 'कव्हरमुळे बॅटरी खराब होते', 'कव्हरमध्ये नोट ठेवली तर फोनचा स्फोट होतो' असे मेसेज फिरत असतातच.

हा नुसता आवडीनिवडीचा विषय नाही. अनेकांचा फोन हप्त्यांवर घेतलेला असतो. पहिल्या तीन-चार हप्त्यांतच डिस्प्ले फुटला तर दुरुस्तीचा खर्च आणि उरलेले हप्ते, दोन्ही भरावे लागतात. अपघाताने झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. यूपीआय, ओटीपी, रेल्वेचं तिकीट सगळं त्याच पडद्यामागे असतं; तो काळा पडला की खात्यात पैसे असूनही चहाचे वीस रुपये देता येत नाहीत.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते 'लावा' असंच आहे. पण कव्हर सगळ्याच धोक्यांवर सारखं चालत नाही. पडण्यावर ते चांगला उपाय आहे, ओरखड्यांवर अर्धामुर्धा, आणि उष्णतेच्या बाबतीत तर उलट अडचणीचं. हे तीन धोके वेगळे धरले की कव्हरवरून होणारे बरेचसे वाद मिटतात.

फोन पडतो तेव्हा नेमकं काय होतं?

आजचे बरेचसे फोन २०० ग्रॅमच्या आसपास वजनाचे असतात. उभ्याने वापरताना हातातून सुटला तर तो साधारण एक मीटरवरून पडतो. जमिनीला टेकायला त्याला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो आणि टेकताना त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या घरात असतो. या पडण्यातली ऊर्जा फार नसते, जवळपास २ ज्यूल. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली ४० सेंटीमीटर वर उचलायला लागते तेवढीच.

मग काच फुटते कशी? प्रश्न ऊर्जा किती याच्याइतकाच ती किती अंतरात जिरते याचाही आहे. धातूची फ्रेम आणि शहाबादी फरशी, दोघीही दबत नाहीत. फोन अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबला असं ढोबळमानाने धरलं, तर त्यावर सरासरी ४,००० न्यूटन बल येतं, म्हणजे सुमारे ४०० किलो वजनाचा दाब. तोच फोन मऊ कव्हरमुळे २ मिलिमीटर अंतरात थांबला तर हे बल एक चतुर्थांशावर येतं. क्रिकेटमध्ये उंच उडालेला चेंडू झेलताना हात मागे घेतात, त्यामागे हेच गणित आहे. कव्हर फोनसाठी हात मागे घेतं.

आता यात कोपऱ्यांचं महत्त्व सगळ्यात जास्त. फोन बहुतेक वेळा सपाट पडत नाही. आधी एखादा कोपरा टेकतो आणि सगळा मार त्या मूठभरसुद्धा नसलेल्या जागेवर येतो. फ्रेम तिथे किंचित वाकते आणि शेजारच्या काचेच्या कडेवर दाब टाकते. काचेची कडा ही तिची सगळ्यात दुबळी जागा असते, म्हणून तडा बऱ्याचदा कोपऱ्यापासून सुरू होऊन पसरत जातो. चांगल्या कव्हरचे कोपरे जाड असतात किंवा त्यात हवेची पोकळी ठेवलेली असते, ती यासाठीच. मागची बाजू कितीही जाडजूड असली आणि कोपरे पातळ असले, तर ते कव्हर दिसायला दणकट, कामाला कच्चं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कड. कव्हरचा काठ डिस्प्लेपेक्षा थोडा वर उचललेला असेल तर फोन पालथा पडला तरी काच थेट फरशीला लागत नाही. अर्थात हे सपाट जमिनीपुरतं. रस्त्यावर खडी असेल आणि एखादा खडा त्या काठापेक्षा उंच असेल तर तो सरळ काचेलाच भिडणार. घरात गुळगुळीत टाइल्सवर दहा वेळा पडूनही शाबूत राहिलेला फोन डांबरी रस्त्यावर एकदाच पडून फुटतो, तो असा.

पण आता काच मजबूत झाली आहे ना?

झाली आहे, यात शंका नाही. फोनची काच साधी नसते. ती वितळलेल्या पोटॅशियम क्षारात, साधारण ४०० अंश सेल्सिअस तापमानाला बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात. लोकलच्या डब्यात तिघांच्या सीटवर चौथा बसल्यावर जे होतं तेच इथे होतं: पृष्ठभाग घट्ट आवळला जातो. तडा पसरायला काच ताणली जावी लागते. आधीच आवळलेल्या काचेत ते अवघड होतं. कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लास याच पद्धतीने बनते. तिच्या २०२० साली आलेल्या 'व्हिक्टस' काचेबद्दल कंपनीचा दावा दोन मीटरवरून कठीण, खडबडीत पृष्ठभागावर पडून टिकण्याचा होता. २०२२ च्या 'व्हिक्टस २'चा दावा काँक्रीटसारख्या पृष्ठभागावर एक मीटरचा होता. पृष्ठभाग बदलला की दाव्यातलं अंतर कसं बदलतं, ते इथेच दिसतं.

प्रयोगशाळेतली काच कोरी करकरीत असते. आपल्या फोनची काच तशी राहत नाही. रोजच्या वापरात तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे पडत जातात, आणि पुढच्या आपटीला तडा अशाच एखाद्या ओरखड्यातून सुरू होतो. 'एवढ्या वेळा पडला, काही झालं नाही. आज गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडला आणि फुटला' ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानात नेहमी ऐकू येते. शेवटची आपटी छोटी होती हे खरं, पण काच त्याआधीच कमजोर झालेली होती.

शिवाय काच आता दोन्ही बाजूंना असते. २०१० च्या आयफोन ४ ला पुढे-मागे काच होती. नंतर वायरलेस चार्जिंग आलं आणि धातूची पाठ अडचणीची ठरली, कारण धातूतून ते चार्जिंग होत नाही. महागड्या फोनला आज काचेची पाठ जवळपास ठरलेली असते, म्हणजे फुटू शकणारा पृष्ठभाग दुप्पट झाला. यावर 'आमचा जुना नोकिया कधी फुटला नाही' असं कुणीतरी म्हणतंच. त्याचं कारणही मजेशीर आहे. २००० सालच्या नोकिया ३३१० चं वजन होतं १३३ ग्रॅम, पडदा इवलासा, अंग प्लास्टिकचं. पडला की कव्हर एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. तुकडे उडताना आपटीची बरीचशी ऊर्जा त्यातच खर्ची पडायची, आणि आपण ते पुन्हा जोडून फोन लावायचो.

आजच्या फोनमध्ये पुढची काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. तडा नुसता वरच्या काचेला गेला असला तरी अधिकृत सेंटरमध्ये बहुधा अख्खा डिस्प्ले बदलतात आणि ओलेड डिस्प्ले स्वस्त नसतो. बाजारात 'फक्त ग्लास बदलून' देणारे कारागीर आहेत, काहींचा हात उत्तमही असतो. मात्र काच सोडवताना खालचा डिस्प्ले गेला तर काय, हे आधी विचारून घ्या. कॉपी डिस्प्ले लावला तर रंग, उजेड आणि कधी फिंगरप्रिंट सेन्सरवरही परिणाम होतो.

'मिलिटरी ग्रेड' म्हणजे काय?

ऑनलाइन कव्हर शोधताना हे शब्द दर दुसऱ्या पानावर दिसतात. अमेरिकी संरक्षण खात्याची उपकरणांच्या चाचण्यांसाठी 'मिल-एसटीडी-८१०' नावाची एक मानक पुस्तिका आहे. तिच्या 'जी' आवृत्तीतल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा टाकतात: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण खाली पृष्ठभाग असतो दोन इंच जाडीच्या प्लायवूडचा, त्याखाली काँक्रीट. आणि या २६ आपट्या पाच नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एका नगाच्या वाट्याला पाच-सहाच येऊ शकतात. कुठलंही लष्कर तुमच्या कव्हरची तपासणी करून शिक्का मारत नाही. कंपनी स्वतःच चाचणी करते किंवा करवून घेते आणि स्वतःच सांगते. काही कव्हरं खरोखर दणकट असतात, पण ते या शब्दांवरून ओळखता येत नाही.

स्क्रीनवरच्या टेम्पर्ड ग्लासवर लिहिलेलं '९एच' असंच फसवं असतं. हिऱ्याचा कठीणपणा १० धरणारं एक प्रमाण आहे, त्यामुळे ९ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल असा समज होतो. ९एच हे त्या प्रमाणावरचं नाही. ते पेन्सिलीचं आहे: ९एच ही कठीण शिशाची पेन्सिल घासूनही ओरखडा पडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. '११डी', '२१डी' हे आकडे तर कुठल्याच चाचणीचे नाहीत.

ओरखड्यांचं काय?

किल्ल्यांना लोक उगाच घाबरतात. किल्लीचं पितळ किंवा पोलाद फोनच्या काचेपेक्षा मऊ असतं. खरा शत्रू वाळू. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं आणि त्याचे कण खिशात, पर्समध्ये, बांधकामाच्या धुळीत, गणपतीपुळ्याहून परतल्यावर पिशवीच्या तळाशी, सगळीकडे असतात.

कव्हर पाठीला आणि कडांना या ओरखड्यांपासून वाचवतं. पण त्याची एक खोड आहे, जी फोन विकायला काढल्यावरच कळते. कव्हर आणि फोन यांच्यामधल्या फटीतून बारीक धूळ आत जाते आणि तिथेच अडकते. रोज फोन हातात दाबला जातो तेव्हा ती धूळ पाठीवर घासत राहते. दोन वर्षं कव्हरमध्ये जपलेल्या फोनच्या फ्रेमवर आणि कॅमेऱ्याभोवती पुसट रेघांचं जाळं दिसतं ते त्यामुळे. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा कव्हर काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, फोनची पाठ मऊ कापडाने पुसा आणि मगच परत चढवा. ओलसर कव्हर चढवू नका.

समोरच्या काचेसाठी टेम्पर्ड ग्लास लावावी हे बरं. ती स्वतः फुटून खालची काच वाचवण्यासाठी असते. तिला तडा गेला म्हणजे ती वाया गेली असं नाही, तिने तिचं काम केलं. तडकलेली मात्र तशीच ठेवू नका. वळणदार कडांच्या डिस्प्लेवर दुकानात द्रवरूप गोंद ओतून, यूव्ही दिव्याखाली सुकवून ग्लास बसवतात. तो गोंद स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांत उतरल्याची उदाहरणं आहेत. अशा फोनला साधी लवचीक फिल्म कमी जोखमीची.

कव्हरमुळे बॅटरी खराब होते का?

थेट नाही, पण या मेसेजमध्ये तथ्याचा अंश आहे. फोनला पंखा नसतो. आतली उष्णता फ्रेम आणि पाठीतूनच बाहेर पडते, आणि रबर-प्लास्टिक उष्णता सहज जाऊ देत नाही. मे महिन्यात घोंगडी पांघरून बसल्यासारखंच ते. साधं बोलणं, व्हॉट्सॲप, बातम्या वाचणं यात काही फरक पडत नाही. फास्ट चार्जिंग, तासभर गेमिंग, उन्हात चाललेलं व्हिडिओ शूटिंग किंवा दुचाकीच्या हँडलवर मॅप लावलेला फोन, इथे मात्र पडतो.

लिथियम-आयन बॅटरीची क्षमता उष्णतेने लवकर घटते. ॲपल आपली उपकरणं ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानात वापरू नका असं सांगतं, आणि चार्ज करताना फोन तापत असेल तर आधी कव्हर काढा असंही. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो; तिथे ही मर्यादा सावलीतच ओलांडली जाते. फोन आपल्यापरीने बचाव करतो: स्क्रीनचा उजेड कमी करतो, चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. 'नवा फोन असून हँग होतो' अशी तक्रार उन्हाळ्यात आली तर आधी जाड कव्हर काढून पाहा.

माझं मत विचाराल तर कव्हर कायम चढवलेलंच असावं हा हट्ट सोडावा. रात्री टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन कुठे पडणार आहे? तिथे कव्हर काढून ठेवलेलं चांगलं. उशीखाली फोन ठेवून चार्ज करणं हे कव्हरपेक्षा कितीतरी वाईट.

नोटेचा मेसेज मात्र अतिरंजित आहे. कव्हरमध्ये दहा-वीसची नोट ठेवली म्हणून फोनचा स्फोट होत नाही. बॅटरी पेट घेते ती आतला दोष, वाकणं, टोचणं, पाणी शिरणं किंवा सदोष चार्जिंग यामुळे. नोटेने उष्णता अडवणाऱ्या थरात थोडी भर पडते, इतकंच. चुंबकीय पट्टी असलेलं कार्ड मात्र मॅग्नेटवाल्या कव्हरमध्ये ठेवू नका, पट्टीवरची माहिती पुसली जाऊ शकते. आणि चमकी तरंगणाऱ्या द्रवाची कव्हरं लहान मुलांच्या हातात देताना विचार करा: अशी सुमारे २ लाख ७५ हजार कव्हरं २०१७ साली मिक्सबिन कंपनीने परत मागवली होती, कारण फुटल्यावर त्यातल्या द्रवाने त्वचा भाजल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

पाऊस, सिग्नल आणि फिंगरप्रिंट

साध्या कव्हरने फोन वॉटरप्रूफ होत नाही. आयपी६८ लिहिलेल्या फोनची चाचणीही गोड्या, स्थिर पाण्यात होते. समुद्राचं पाणी किंवा साबणाचं पाणी त्यात धरलेलं नसतं, आणि फोन एक-दोनदा जोरात आपटल्यावर सील तितकंच घट्ट राहील असं नाही. पावसाळ्यात तोंड बंद करता येणारं प्लास्टिकचं पाऊच कुठल्याही महागड्या कव्हरपेक्षा उपयोगी.

धातूचं कव्हर सिग्नल अडवू शकतं. उलट घडल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१० मध्ये आयफोन ४ विशिष्ट प्रकारे हातात धरला की सिग्नल घसरायचा, कारण अँटेना बाहेरच्या धातूच्या पट्टीत होता. यावर ॲपलने ग्राहकांना फुकट बंपर कव्हर दिली. बोट आणि धातू यांच्यामध्ये रबर आलं की अडचण कमी व्हायची.

स्वस्त सिलिकॉनने सुरक्षेचाही घोळ घातलेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस१० काही सिलिकॉन कव्हर लावल्यावर दुसऱ्याच्या बोटानेही उघडत असल्याचं समोर आलं. कव्हरवरची नक्षीच सेन्सरने ठसा म्हणून ओळखली होती. कंपनीला सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं. स्क्रीनखाली सेन्सर असेल तर नवी ग्लास किंवा पुढून झाकणारं कव्हर लावल्यावर ठसा पुन्हा नोंदवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचं बोट लावून एकदा पाहा.

कव्हरशिवाय वापरायचाच असेल तर?

काहींना ते जमतं. प्लास्टिकची पाठ, सपाट डिस्प्ले, दिवसाचा बराच वेळ टेबलावर, आणि डिस्प्ले बदलणं परवडण्यासारखं, अशी स्थिती असेल तर कव्हरशिवाय फोन वापरण्यात वेडेपणा नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण घेतलं असेल तर धास्ती आणखी कमी; मात्र असा प्लॅन खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येतो आणि प्रत्येक दाव्याला काही रक्कम आपल्यालाच भरावी लागते, ती आधी वाचा. पाठीवर चिकटवायची स्किन पकड सुधारते, ओरखडे टाळते, पडण्यावर तिचा उपयोग शून्य. काचेच्या पाठीचा फोन सोफ्याच्या हातावर ठेवला तर तो कुणी हात न लावता सरकत खाली येतो, एवढं ध्यानात असू द्या.

रोज लोकल किंवा एसटीने प्रवास, डिलिव्हरीचं किंवा साइटवरचं काम, घरात लहान मूल, यांपैकी काहीही असेल तर कव्हरशिवाय राहण्यात शहाणपण दिसत नाही.

घेताना काय पाहायचं?

किंमत शेवटी पाहा. आधी फोन कव्हरसह टेबलावर पालथा ठेवा आणि डिस्प्लेखालून कागदाची पट्टी सरकवून बघा. ती न अडकता सरकली तर काठ पुरेसा उंच आहे. कॅमेऱ्याच्या बाजूनेही तेच करा. मग कोपरा अंगठ्याने दाबा. थोडा दबून परत आला पाहिजे. फोटो छापून मिळणारी कडक प्लास्टिकची कव्हरं इथेच नापास होतात: ती दबत नाहीत आणि बऱ्याचदा त्यांना वर उचललेला काठच नसतो. फ्लिप कव्हर बॅगेत स्क्रीनला जपतं, पण पडताना अनेकदा उघडतं. मऊ सिलिकॉन हाताला छान लागतं, खिशातला कचरा मात्र भरपूर गोळा करतं.

सर्वसाधारण वापराला टीपीयूचं, म्हणजे ज्याला आपण पारदर्शक सिलिकॉन म्हणतो ते कव्हर पुरतं. बऱ्याच कंपन्या ते बॉक्समध्येच देतात. त्याचं पिवळं पडणं हा मळ नसतो. ऊन आणि उष्णतेने त्या प्लास्टिकमध्येच रासायनिक बदल होतात, त्यामुळे टूथपेस्ट किंवा सोडा लावून घासण्याच्या रील्सनी वरचा मळ जाईल, पिवळेपणा जाणार नाही. पिवळं कव्हर चालवून घ्यायला हरकत नाही. सैल झालेलं मात्र चालवू नका, कारण पडताना ते फोनच्या आधीच निसटतं. एका बोटाने कोपरा ओढल्यावर सहज सुटत असेल तर नवीन घ्या.